उंदराची भीती गेली की त्याला गुंगी आली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने उंदरांची चिंता कमी झाली’ अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. असे प्रयोग बहुधा ‘एलिव्हेटेड प्लस मेझ’वर होतात. जमिनीपासून ४०-५० सेंमी उंचीवर अधिक चिन्हाच्या आकाराची मांडणी असते. लहान पांढऱ्या उंदरासाठी तिची प्रत्येक भुजा ३० सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद ठेवतात. समोरासमोरच्या दोन भुजांना १५ सेंमीच्या भिंती असतात, उरलेल्या दोन उघड्या. औषध टोचून अर्ध्या तासाने उंदराला मधोमध सोडतात आणि ५ मिनिटे मोजदाद करतात. उंदीर स्वभावतःच उघड्यावर जायला घाबरतो. डायझेपाम हे चिंता कमी करणारे परिचित औषध वजनाच्या किलोमागे १-२ मिलीग्रॅम दिले की तो उघड्या भुजेत जास्त फिरतो.

घोळ होतो तो टक्केवारीत. औषध न दिलेला उंदीर उघड्या भुजेत ४ वेळा आणि बंद भुजेत १२ वेळा गेला, तर उघड्या भुजेचे प्रमाण २५ टक्के. अर्क दिलेला दोन्हीकडे दोन-दोनदाच गेला, तर ते ५० टक्के! कागदावर गुण दुप्पट दिसतो, प्रत्यक्षात जनावर पेंगुळलेले असते. म्हणून बंद भुजेतील फेऱ्यांचा आकडा वेगळा छापलाच पाहिजे. तो घसरला असेल तर मात्रा जास्त झाली असे धरावे आणि तीच मात्रा रोटारॉडवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, तपासावी. उंदीर दांड्यावरून लवकर पडत असेल तर चिंताशामक गुणाचा दावा टिकत नाही. शामक औषधांच्या कुळात भीती कमी होणे आणि गुंगी येणे हे दोन्ही परिणाम मात्रेच्या फरकाने येतात, त्यामुळे एकाच मात्रेवरचा प्रयोग आम्हाला अपुराच वाटतो. किमान तीन मात्रा हव्यात.

डायझेपाम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते ट्वीन ८० किंवा सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) अशा औषध पाण्यात मिसळवणाऱ्या पदार्थाच्या द्रावणात मिसळून दिले असेल, तर तुलनेच्या गटालाही तेच द्रावण टोचावे लागते, नुसते सलाइन चालत नाही. दिवा प्रखर असला की उंदीर उघड्यावर जायचे टाळतात, म्हणून उजेड सर्व गटांना सारखा हवा. आधीच्या उंदराचा वास राहू नये म्हणून दर वेळी फळ्या पुसाव्यात. मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटाचा हे ठाऊक नसावे.

ही चाचणी बेंझोडायझेपाइन गटाला, म्हणजे डायझेपामसारख्या औषधांना, चांगली ओळखते. बुस्पिरोन मात्र माणसांच्या चिंतेवर उपयोगी असूनही इथे कधी गुण दाखवते, कधी नाही. त्यामुळे या एका चाचणीत नापास झालेला अर्क निकामी ठरत नाही.

आणखी एक गोष्ट मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. प्राण्यांची संख्या कमी ठेवावी हा नैतिकता समितीचा आग्रह रास्तच आहे, पण त्यासाठी तेच उंदीर पुन्हा मेझवर सोडू नयेत. एकदा मेझ पाहिलेल्या उंदरावर दुसऱ्या खेपेस डायझेपामचाही गुण दिसेनासा होतो. संख्या वाचवायची तर गट किती मोठा लागेल याचे गणित आधी करावे आणि मात्रा रोटारॉडवर अगोदर ठरवून घ्यावी.

आपले,
औषधशास्त्राचे अध्यापक