मनू ब्रांच मॅनेजर झाली त्याबद्दल

चि. मनू,

पेढे वाटून झाले. वरच्या मजल्यावरच्यांना पण दिले, पार्किंगवरनं ते बोलत नाहीत तरी. देशपांडे सर म्हणाले मला माहितीच होतं ही पुढं जाणार, जे साफ खोटं आहे, दहावीला त्यांनीच हिला सायन्स झेपणार नाही म्हणून सांगितलं होतं. असो. अभिमान वाटतोय हे आधीच लिहून टाकते कारण पुढं काय काय लिहीन याचा माझा मला भरवसा नाही.

रविवारी तू चिडून गेलीस, डबा पण नेला नाहीस, ती भरली वांगी बाबा अजून खातायत. शिंदेकाकूंसमोर मी तुला बोलायला नको होतं असं बाबांचं म्हणणं. मला नाही वाटत तसं. काकू किती आशेनं फाइल घेऊन आल्या होत्या, आपली मनू बँकेत आहे ती बघेल म्हणून. पाच वर्षाची एफडी म्हणून सह्या घेतल्या आणि निघाली विम्याची पॉलिसी, दरवर्षी एक लाख, बारा वर्षं भरायचे, आणि काकू एकाहत्तरच्या! पहिला हप्ता काकांच्या पैशातनं गेला पण. आणि तू कागद चाळून काय म्हणालीस, "काकू, सही तुमचीच आहे ना?"

कायद्यानं तुझं बरोबर आहे गं. सही त्यांचीच आहे. व्हेरिफिकेशनच्या कॉलवर पण त्या सगळ्याला हो हो म्हणाल्यात, कारण त्या बँकेतला पोरगा शेजारी बसून सांगत होता की फॉर्मॅलिटी आहे काकू, हो म्हणा फक्त. तू ते वाक्य ज्या आवाजात बोललीस ना, तो आवाज मी आधी ऐकलाय, त्याचा मला राग आला. तुझा नाही. तुझा पण थोडा.

काकूंचं सांगते आधी, नाहीतर राहून जाईल. पॉलिसीचा कागद हातात येऊन अजून महिना झाला नव्हता. फ्री लुक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत, आता तीस दिवसांचा झालाय, २०२४ पासून, हे तूच कधीतरी सांगितलेलं, आधी पंधराच होते. मी अर्ज लिहिला, दोन प्रती, आणि काकूंबरोबर गेले. थोडे पैसे कापून बाकी परत येतील. पोचेचा शिक्का मारायला तो पोरगा तयारच होईना, मेल करा म्हणाला, मी म्हणलं मेल पण करते आणि शिक्का पण मार. मग मॅनेजरला बोलावलं. आला तो तुझ्याच वयाचा, शर्ट चुरगळलेला, एक फोन कानाला आणि दुसरा हातात वाजतोय, आणि त्या फोनवरचा माणूस काय बोलत होता ते मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होतं. लॉगिन किती झाले, लॉगिन किती झाले, म्हणजे नवीन पॉलिसींचे फॉर्म. शिक्का मारला बिचाऱ्यानं. मी भांडायला गेले होते आणि त्याची दयाच आली.

आता त्या खुर्चीत तू बसणार. नको लिहायला ठरवलं होतं, पण डोक्यातनं जात नाही. वरून आकडा येणार, तू तो खाली वाटणार, आणि काही झालं की वरचे म्हणणार आम्ही असं कधीच सांगितलं नव्हतं, आणि कागदावर नाव तुझं.

दादा अमेरिकेत शार्लटला आहे ना, आम्ही गेलो होतो तेव्हा त्यानं त्या वेल्स फार्गो बँकेच्या बिल्डिंगी दाखवल्या आणि मग रात्री जेवताना सगळी कथा सांगितली. मी नंतर बरंच वाचलं त्याच्यावर, रिटायर माणसाला दुसरं काय काम. त्यांचा नियम असा की एका गिऱ्हाइकाला बँकेची आठ प्रॉडक्ट विकायची. आठच का? तर इंग्रजीत एट आणि ग्रेट यमक जुळतं म्हणून! यमकासाठी गं! आता साध्या माणसाला आठ खाती लागतात कशाला, पण रोज सकाळ-संध्याकाळ हिशोब द्यायचा म्हणल्यावर शाखेतल्या पोरांनी लोकांना न विचारता खाती उघडली, कार्डं काढली, खोटे ईमेल टाकले. लॉस एंजेलिसच्या पेपरनं २०१३ मधेच छापलं होतं. सप्टेंबर २०१६ मधे सरकारनं दंड लावला साडेअठरा कोटी डॉलर, तेव्हा वीस लाखाच्या आसपास खाती म्हणत होते, पुढच्या वर्षी बँकेनंच परत मोजली तर आकडा पस्तीस लाखापर्यंत गेला. आणि माणसं काढली होती ५,३००. बहुतेक खालचे, काउंटरवरचे आणि त्यांच्या जरा वरचे. काहीजणांनी बँकेच्याच हेल्पलाइनला फोन करून हे चुकतंय म्हणून कळवलं होतं, त्यातल्या काहींना पण काढलं. मोठे साहेब जॉन स्टम्फ सिनेटसमोर बसून सुरुवातीला काय सांगत होते, तर थोड्या लोकांनी नियम मोडले. थोडे म्हणजे पाच हजार. २०१६ च्याच ऑक्टोबरमधे त्यांना जावं लागलं, आणि पावणेदोन कोटी डॉलरचा दंड आणि बँकिंगमधे जन्मभर बंदी व्हायला २०२० उजाडलं. काउंटरवरची पोरं तोपर्यंत कुठं गेली कुणाला माहीत.

तू म्हणशील ते अमेरिकेचं. मग २०२३ च्या जूनमधला तो व्हिडिओ आठव, कोलकात्याचा, ऑनलाइन मीटिंगमधे बँकेतला एकजण हाताखालच्यांवर पॉलिसी विका म्हणून ओरडतोय, तूच मला पाठवला होतास, खाली रडणारा इमोजी टाकून. त्याला सस्पेंड केलं. ठीकच केलं. पण त्याला तो आकडा कुठून आला होता? तो काय घरी बसून त्यानं काढला? ते कुणी विचारलं नाही. येस बँकेच्या एटी-वन बाँडचं, म्हणजे बँक बुडायला लागली की शून्य होऊ शकतात त्या बाँडचं, तर तूच मला कागदावर काढून समजावलं होतंस, मार्च २०२० मधे ८,४१५ कोटी एका फटक्यात शून्य झाले आणि त्यातले काही लोकांना सुपर एफडी म्हणून विकलेले, पुढं सेबीनं दंड लावला. तेव्हा तू किती चिडली होतीस, ताटावरनं उठली होतीस. रविवारी मी त्या मनूची वाट बघत होते आणि तू म्हणालीस सही तुमचीच आहे ना.

पुन्हा तिथंच आले. सॉरी.

तू म्हणतेस आई तुमच्या जमान्यात टार्गेट नव्हतं. कोण म्हणतं? तू तेव्हा शाळेत होतीस, तुला एवढंच आठवतंय की आई सातला यायची आणि शाळेची फी दोनदा उशिरा भरली. पतसंस्थेत मी लागले तेव्हा अण्णा चेअरमन होते. माणूस तिरसट, चहा पण स्वतःच्या पैशानं घ्यायला लावायचा, पण कर्जाचं प्रकरण आलं की संचालकाचा नातेवाईक असला तर पहिला प्रश्न हाच, तारण काय. आपल्या गावडेबाई नवरा गेल्यावर सगळे पैसे घेऊन आल्या तर अण्णांनी त्यांना अर्धे पोस्टात टाकायला लावले. का तर म्हणे पतसंस्थेच्या ठेवीला विमा नसतो, बँकेसारखा. हे ते काउंटरवर उभं राहून मोठ्यानं सांगायचे, आमच्या समोर! आम्हाला वाटायचं हा माणूस धंदा बुडवणार.

धंदा बुडवला नंतरच्यांनी. नवीन बॉडी आली, एसी बसवला, कॅलेंडरं छापली, दामदुप्पट ठेव काढली, सगळ्यांपेक्षा जास्त व्याज. प्रत्येक क्लार्कला महिन्याला ठेवीचा कोटा. मी पण माझ्या माहेरच्यांचे आणले, नानांचे, कुंदामावशीचे. रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांना तर रोज संध्याकाळी उभं करून विचारायचे. आणि आतल्या खोलीत कर्जं वाटली जात होती एकमेकांच्या जामिनावर, याला तो जामीन, त्याला हा, जमीन एकच आणि ती पण नदीकाठची. आमच्या मॅनेजर मॅडमनी एकदा मीटिंगमधे विचारलं तर त्यांची बदली झाली बाजारातल्या शाखेला, तिथं संडास पण नव्हता. त्यानंतर कुणी विचारलं नाही. मी पण काउंटरवर मान खाली घालून पावत्याच लिहीत होते.

बंद पडली तेव्हा चेअरमन आलेच नाहीत. लोक आले ते काउंटरला. कारण त्यांना चेअरमनचं तोंड माहीतच नव्हतं, त्यांना माझं माहीत होतं. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचं डायलिसिस. एका म्हातारबाबांनी पावती काचेला चिकटवून धरली आणि म्हणाले ही तुमची सही आहे ना बाई. होती माझीच. आणि दुसऱ्या दिवशी चेअरमन पेपरात म्हणतात की शाखा पातळीवर अनियमितता झाली. बघ, अगदी त्याच आवाजात. प्रशासक आला, सहकार कायद्याच्या कलम ८८ ची चौकशी लागली, ती इतकी वर्षं चालली की दोन संचालक म्हातारे होऊन वारले. आमचा पगार आधी अर्धा झाला मग बंद, पीएफ कापला होता पण भरलाच नव्हता हे त्यानंतर कळलं.

आणि दत्तूमामा. भाजी मंडईतनं दहा-दहा, वीस-वीस रुपये गोळा करायचा तो. त्याला मंडईत पाय टाकता येईना, बायका त्याच्या नावानं शिव्या घालायच्या, आणि त्याला तर कमिशनशिवाय काहीच माहीत नव्हतं गं. आष्ट्याचा प्लॉट विकला त्यानं आणि जमतील तेवढे लोकांचे पैसे दिले. कायद्यानं त्याला काही देणं नव्हतं. मामी दोन वर्षं त्याच्याशी बोलली नाही. मला अजून कळत नाही तो शहाणा होता का खुळा.

हे सगळं तुला माहिती आहे, किती वेळा ऐकवलंय. पण तू ऐकताना नेहमी स्वतःला दत्तूमामाच्या बाजूला बघतेस. आता तू मॅडम आहेस. ज्यांची बदली झाली त्या. किंवा ज्या दुसऱ्या आल्या त्यांच्या जागी, गप बसणाऱ्या.

माझं म्हणणं एवढंच, की तोंडी सांगितलं तर लेखी माग. कोणी म्हणालं लॉकर पाहिजे असेल तर पॉलिसी घ्यायला लाव, तर म्हणायचं सर मेलवर द्या. येणार नाही मेल, मला माहितीय, पण तू मागितलंस हे राहतं. तुझा मेल तुझ्याकडे ठेव, प्रिंट काढ, घरी आण, माझ्या कपाटात ठेव. आणि सत्तरच्या वरच्या माणसाला काही विकायचं असेल तर मुलाला किंवा सुनेला फोन लावल्याशिवाय विकू द्यायचं नाही तुझ्या शाखेत. आणि सकाळच्या कॉलला त्या पोरांना सगळ्यांसमोर बोलू नकोस, रिझर्व्ह बँकेनंच २०२४ च्या डिसेंबरमधे छापलं की काही खासगी बँकांत पंचवीस टक्क्यांच्या आसपास माणसं सोडून जातात, चारातला एक, आणि गेला की त्यानं काकूंना काय सांगितलं होतं ते विचारायला माणूसच उरत नाही. आणि टॉयलेट बघ शाखेत नीट आहे का, बायकांचं वेगळं.

झालं भाषण. माफ कर. मी तुला धंदा शिकवते, जिनं आठ महिने घरी बसून पापड लाटले. तुझ्यावर फ्लॅटचा हप्ता आहे, बाबांच्या स्टेंटचे पैसे तू भरलेस आणि मला सांगितलं पण नाहीस किती, ते मी बिलावर बघितलं. ती नोकरी सोड असं मी कुठल्या तोंडानं सांगू. आणि सोडूच नकोस. तुझ्यासारख्यांनी सोडली तर तिथं कोण बसेल ते मला दिसतंय. पण रात्री झोप लागत नाही, की कधीतरी काहीतरी निघेल आणि टीव्हीवर म्हणतील शाखा व्यवस्थापकाला अटक, आणि वरचे सगळे आपापल्या एसीत. पीएमसी बँकेच्या वेळी २०१९ मधे तसंच वाटलं होतं मला, हजार रुपयाच्या वर काढता येत नाही म्हणून लोक शाखेच्या दाराला धडका मारत होते आणि आत ते क्लार्क उभे, त्यांचे स्वतःचे पण पैसे त्यातच असतील. टीव्हीवाला कुणाकडे माइक नेत होता? त्यांच्याकडेच.

बाबा म्हणतात तू उगाच घाबरतेस, ती तुझ्यापेक्षा खमकी आहे. आहेस. पहिलीत असताना बाईंनी उगाच मारलं म्हणून हेडमास्तरांच्या केबिनमधे गेली होतीस एकटी.

एक काम आहे. दत्तूमामाची नात, प्रियांका, बी.कॉम. झाली. तिला बँकेतनं सेल्सच्या पोस्टसाठी बोलावलंय, तुमच्याच बँकेत, कराडला. मामी आता म्हणते की मनूला विचार, पोरीनं जावं का. मला काय सांगावं कळेना. पगार चांगला आहे आणि त्यांना गरज आहे, मामाच्या नावावर आता काहीच उरलेलं नाही. मी जा म्हणलं तर उद्या तिला कुणीतरी एकाहत्तर वर्षाच्या बाईसमोर बसवणार, आणि नको म्हणलं तर घरी बसून ती काय करणार. तुझ्या ब्रांचला घेता येत असेल तर बघ, नाहीतर कराडचा मॅनेजर कसा आहे ते तरी काढ कुणाकडनं. इंटरव्ह्यू मंगळवारी आहे. त्याच्या आत फोन कर, पण नऊच्या नंतर, आधी मी सिरियल बघत असते.

आई

ता. क. डबा घेऊन बाबाच येतायत शुक्रवारी, वांगी नाहीत.