कागदातला न दिसणारा ओलावा दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आईच्या आजारपणात ज्यांनी ज्यांनी आम्हाला हात दिला, अशा चोवीस जणांसाठी मी स्वतः तयार केलेल्या आभारकार्डांपैकी शेवटचे कार्ड काल पाकिटात घातले. त्या सगळ्यांचे आभार मानून झाल्यावर लक्षात आले की ही कार्डे ज्यांच्यामुळे पूर्ण झाली, त्यांचेच आभार मानायचे राहून गेले आहेत. हे पत्र मी मुद्दाम सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण तुम्ही आपल्याजवळचे ज्ञान कधी राखून ठेवले नाही, आणि घरी बसून कार्डे बनवण्याची ही कला शिकणाऱ्या आणखी कुणाला त्याचा उपयोग झाला तर तुम्हाला आनंदच होईल.

पहिली सहा कार्डे घेऊन मी तुमच्याकडे आले होते, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. पानांच्या स्टेन्सिलमधून, म्हणजे नक्षी कापलेल्या पातळ साच्यातून, निळी-हिरवी शाई ब्रशने पसरवून मी पार्श्वभूमी केली होती, तिच्यावर पारदर्शक चिकट शाईने ‘मनःपूर्वक आभार’ असा शिक्का उठवला होता आणि अक्षरे उठावदार करणारी पांढरी एम्बॉसिंग पावडर टाकून कार्ड झटकले होते. पावडर अक्षरांवर बसलीच, पण सगळ्या पार्श्वभूमीवरही बसली. दोष पावडरीचा आहे, अशी माझी खात्री झाली होती आणि दुसरी, महागातली पावडर आणण्याच्या विचारात मी होते. तुम्ही पावडरीच्या डबीकडे पाहिलेसुद्धा नाही. कार्डाला बोटाची मागची बाजू लावून तुम्ही एवढेच विचारले, “खालची शाई कधी लावलीस?” दहा मिनिटांपूर्वी, असे मी सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, “मग कागद अजून ओला आहे. तुला तो ओलावा दिसत नाही, पावडरीला कळतो.”

त्या एका वाक्याने माझ्यासाठी या कलेचा अर्थ बदलला. एम्बॉसिंग पावडर म्हणजे उष्णतेने वितळणारे रेझिनचे बारीक कण; त्यांना स्वतःचा गोंद नसतो, जिथे ओल मिळेल तिथे ते थांबतात आणि हीट गनची गरम हवा लागली की एकमेकांत मिसळून, थंड होताना उंच आणि गुळगुळीत रेषा तयार करतात. म्हणूनच शिक्क्यासाठी सावकाश वाळणारी पारदर्शक किंवा पिगमेंट (म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई लागते, आणि कागदात मुरून लवकर वाळणाऱ्या डाय शाईवर पावडर तुटक बसते, हे तुम्ही मला त्याच दिवशी समजावले. माझ्या पार्श्वभूमीच्या शाईत पिगमेंट होते आणि तेच अजून वाळायचे होते. आधी ती पार्श्वभूमी गरम हवेने वाळवायची, कार्ड थंड होऊ द्यायचे, उरलीसुरली ओल टिपणाऱ्या कोरड्या भुकटीची पुरचुंडी हलक्या हाताने सगळ्या कागदावरून फिरवायची आणि मगच शिक्का उठवायचा, हा क्रम तुम्ही माझ्याकडून तीनदा करून घेतलात.

परंतु माझी पुढची कार्डे खऱ्या अर्थाने वाचली ती तुम्ही सुचवलेल्या उलट्या क्रमामुळे. कोऱ्या पांढऱ्या कागदावर स्टेन्सिल ठेवून आधी तिच्यातून चिकट शाई लावायची, स्टेन्सिल सरळ वर उचलायची, पारदर्शक पावडर टाकून वितळवायची आणि त्यानंतर सगळ्या कागदावर रंग पसरवायचा. वितळलेल्या पावडरीत शाई मुरत नाही. वर राहिलेली शाई कोरड्या फडक्याने पुसली की निळ्या रंगातून पांढरी पाने उजळून वर येतात. ते पहिले पान उमटले तेव्हा मी काहीच बोलू शकले नव्हते. आज सांगते की स्टेन्सिलचे इतके सुंदर काम मी आधी कधी केले नव्हते.

रंग पसरवण्यातही तुमचा हात माझ्या हातावर होता. ब्रश थेट कार्डावर टेकवला की तिथे गडद वर्तुळ उमटते आणि ते नंतर काही केल्या जात नाही. म्हणून शेजारच्या रद्दी कागदावर गोल फिरवायला सुरुवात करून, जवळजवळ वजन न देता तो कार्डावर आणायचा. फिकट रंग आधी, गडद नंतर. नारिंगी आणि निळा एकमेकांवर आले तर मळकट तपकिरी होतात, म्हणून त्यांच्यामध्ये गुलाबी आणि जांभळा घालून वाट काढायची, ही तुमची सूचना मी आता रंग निवडताना सर्वात आधी आठवते. स्टेन्सिल कमी चिकटणाऱ्या टेपने बसवावी आणि प्रत्येक कार्डानंतर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करावी, हेही तुमच्याकडूनच शिकले.

हीट गनची मला भीती वाटत असे आणि त्या भीतीपोटी मी ती एकाच जागी धरून ठेवत असे. ती आधी कार्डापासून दूर धरून तापू द्यावी, शक्य तेव्हा कागदाच्या खालून उष्णता द्यावी आणि कण चमकले की त्याच क्षणी पुढे सरकावे, असे तुम्ही शिकवलेत. जास्त तापलेली रेषा चपटी होते आणि तिच्या कडेला तेलकट डाग उतरतो. माझ्या दोन कार्डांवर तो अजून दिसतो. पातळ कागद उष्णतेने वाकतो, म्हणून तुम्ही तुमच्या साठ्यातला ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद मला दिलात आणि त्याचे पैसे घ्यायला नकार दिलात. त्याबद्दल वेगळे आभार मानते, कारण तेव्हा घरात एकेका खर्चाचा विचार करावा लागत होता.

ताई, बिघडलेल्या सहा कार्डांपैकी एक टाकून देऊ नकोस, असे तुम्ही म्हणाला होतात आणि त्यावर चुकून बसलेले सगळे कण तसेच वितळवायला लावले होते. पानांवर दव पडल्यासारखे दिसणारे, अक्षरे जेमतेम वाचता येणारे ते कार्ड मी जपून ठेवले होते. या पत्रासोबत तेच पाठवत आहे.

आपली कृतज्ञ,
तुमची विद्यार्थिनी