ऑगस्टच्या मिरवणुकांची बैठक आत्ताच घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या साखर पेठेत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वर्गणीची पावती पुस्तकं, उरुसाची पोस्टरं, मंडळांची हँडबिलं, जे येईल ते छापतो. दिवाळीच्या आधी दुकानदारांची कॅलेंडरं असतात, त्यामुळे तिथी आणि चाँदची तारीख माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी येतात. २०२६ चं कॅलेंडर लावताना जे दिसलं, ते पोलीस आयुक्त आणि महापालिका आयुक्तांच्या कानावर जावं म्हणून हे पत्र.

येत्या २८ ऑगस्टला नारळी पौर्णिमा. त्या दिवशी पूर्व भागात मागांचा खडखडाट बंद असतो आणि विणकर पद्मशाली समाजाचा मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. ईद-ए-मिलाद चाँद दिसेल त्याप्रमाणे २५ किंवा २६ ऑगस्टला. म्हणजे मध्ये जेमतेम दोन-तीन दिवस. गेली तीन वर्षं ही ईद अनंत चतुर्दशीला खेटून येत होती. २०२३ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले. मुंबईत जुलूस एक दिवस पुढे नेला आणि सरकारनं सुट्टीही २९ तारखेला दिली. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून गणपती सप्टेंबरच्या मध्यात गेले आणि ईद श्रावणात आली. २०२७ आणि २०२८ मध्येही ईद आणि नारळी पौर्णिमा अशीच लागून येणार.

यात गूढ काही नाही. मराठी महिना अमावास्या संपली की लागतो, हिजरी महिना चंद्रकोर दिसली की. चंद्र एकच, म्हणून त्यांची दहावी तारीख आपल्या एकादशीच्या आसपास पडते. १० जुलै २०२२ आणि २९ जून २०२३, या दोन्ही दिवशी आषाढी आणि बकरी ईद एकत्र आल्या त्या अशा. २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, मुस्लिम मंडळींनी एकादशीला कुर्बानी करायची नाही असं ठरवलं. कुर्बानी ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही चालते. हे वारकऱ्याला माहीत असायला कोणाशी तरी बोलावं लागतं, एवढंच.

आता आपल्या शांतता समितीबद्दल. सण चार दिवसांवर आला की निरोप येतो. पोलीस ठाण्याच्या आवारात खुर्च्या, चहा, बिस्किटं. पहिल्या रांगेत तीच माणसं. पक्ष बदलतात, माणसं बदलत नाहीत. प्रत्येक जण भाषणात चार हुतात्म्यांची नावं घेतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात एकत्र फाशी दिली हे सोलापूरच्या शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण ते चौघं काही वर्षातून एकदा फोटोपुरते भेटत नव्हते, हे कोणी बोलत नाही. भाषणं झाली की फोटो, आणि सगळे घरी. मिरवणुकीचा मार्ग ठरलेला असतो, परवाने निघालेले असतात. बोलायला उरतंच काय?

खरी कुरबुर असते ती विजेच्या खांबावर. रस्ते तेच, खांब तेच, आणि दोन सणांच्या पताका. कोणाची आधी उतरवायची, कोणी उतरवायची, उतरवताना पायाखाली आली तर? मधल्या वर्षी आमच्या कोपऱ्यावर असाच घोळ झाला. मंडळाची कमान उभी राहायची होती आणि त्याच दोन खांबांवर जुलूसची झालर. दोन्हीकडची पोरं मोबाईल वर धरून शूटिंग करायला लागली, म्हणजे आता पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक. तेवढ्यात समोरचे टायरवाले चाचा बाहेर आले. मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाले, “अण्णा, झालर आमची पोरंच उतरवतील, गुंडाळून घरी नेतील. तुमची शिडी तेवढी द्या.” अण्णांनी शिडी दिली, शिवाय ती खालून धरायला आपला एक पोरगा उभा केला. पंधरा मिनिटांत खांब मोकळे. त्या दोघांची टायर पंक्चरपासूनची ओळख, म्हणून जमलं. पुढच्या चौकात अशी ओळख नव्हती, तिथं पोलिसांची गाडी बोलवावी लागली.

भिवंडीचं उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण तेही यंत्रमागाचंच गाव आणि तिथंही पद्मशाली वस्ती मोठी. १९७० आणि १९८४ ला तिथं भयंकर दंगली झाल्या. १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. साधी माणसं, दोन्ही समाजांची, आपल्या बीटच्या पोलिसासोबत नियमित बसायची. गटार, पाणी, रिक्षा असल्या विषयांवर बोलायची. डिसेंबर १९९२ ला शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्याकडं ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतला कुणी धर्मोपदेशक टीव्हीवर पैगंबरांबद्दल काहीबाही बरळला आणि माणसं मेली सोलापुरात, संचारबंदी लागली सोलापुरात. त्या गृहस्थाला सोलापूर नकाशात दाखवता आलं नसतं.

माझी मागणी मोठी नाही. ऑगस्टची पहिली बैठक उन्हाळ्यातच व्हावी आणि ती ठाण्यात नको. प्रभागातल्या वाचनालयात घ्या, तालमीत घ्या. नेत्यांना मागं बसवा. कमान बांधणारा मंडपवाला, लाइटवाला, डीजेवाला यांना बोलवा. दोन्ही सणांना कामं करणारी माणसं हीच आहेत आणि कोणता खांब कधी मोकळा होतो हे त्यांनाच माहीत असतं. आणि बायकांना बोलवा. विडी कारखान्यात माल द्यायला तेलुगू आणि मुसलमान बायका एकाच रांगेत तासन्‌तास उभ्या असतात, पाना-तंबाखूवरून कारखानदाराशी एकत्र भांडतात. शांतता समितीत मात्र मी आजवर एकही विडीवाली बघितलेली नाही. तेवढ्या बोलक्या बायका तिथं आल्या तर भाषणं आपोआप आवरतील, हाही एक फायदाच.

बैठकीत ठरेल ते एका कागदावर यावं: कोणत्या चौकात पताका किती वाजता उतरणार, अजानच्या वेळी डीजे कुठं थांबणार, रथासाठी कोणता रस्ता मोकळा ठेवायचा, आणि प्रत्येक चौकातले दोन्हीकडचे दोन-दोन मोबाईल नंबर. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत तो मी पदरच्या कागदावर छापून देतो. फक्त तेलुगूचं प्रूफ तपासायला कोणीतरी पाठवा, ती लिपी मला जुळवता येते, वाचता येत नाही.

आपला,
एक छपाईवाला, साखर पेठ, सोलापूर