दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दुसरीकडे गेले तर आमच्या डॉक्टरांना वाईट वाटेल." तेवढ्या एका कारणासाठी तू थांबू नयेस, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

तीन वर्षांपूर्वी तुला आयबीएस (आतड्याच्या कामातील बिघाडाचा, पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा आजार) असल्याचे निदान झाले, आणि ते त्या वेळी चुकीचे होते असे मी म्हणत नाही. तो खराखुरा आजार आहे, मनाचे खेळ नव्हेत. २०१६ च्या रोम-४ निकषांत, म्हणजे अशा आजारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या नियमांत, पोटदुखी आठवड्यातून सरासरी किती दिवस असावी, शौचाशी तिचा संबंध कसा असावा आणि तक्रार किती जुनी असावी हेसुद्धा ठरवून दिलेले आहे. मात्र तेव्हा तुझे वजन घटत नव्हते आणि जुलाबासाठी पहाटे तीनला जागही येत नव्हती. आता दोन्ही होते आहे, आणि केवळ आयबीएस म्हणून या दोन गोष्टी सोडून देता येत नाहीत. निदान हे त्या दिवशी समोर असलेल्या माहितीवर केलेले असते. माहिती बदलली तर ते पुन्हा तपासायला सांगण्यात कोणाचाही अपमान नाही. तुझ्या डॉक्टरांना सरळ सांग की दुसरे मत घ्यायचे आहे, आणि आजवरच्या उपचारांचा सारांश त्यांच्याकडूनच लिहून माग. अनुभवी डॉक्टरांना ही विनंती नवी नसते.

तू पाठवलेला कोलोनोस्कोपीचा (दुर्बिणीने मोठे आतडे तपासल्याचा) अहवाल मी भिंग घेऊन वाचला. (तुझी आई हसली, हसू दे.) दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, गेल्याचे त्यात लिहिले आहे, लहान आतड्याचे शेवटचे टोक पाहिल्याचा उल्लेख नाही, आणि अस्तर निरोगी दिसले म्हणून बायोप्सीही (तपासणीसाठी अस्तराचा तुकडा) घेतलेली नाही. क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार, बऱ्याचदा नेमका त्या टोकालाच असतो, आणि मोठ्या आतड्याची एक सूज अशी असते की ती डोळ्यांना दिसतच नाही, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच कळते. 'कोलोनोस्कोपी नॉर्मल' या दोन शब्दांवर आपण तीन वर्षे निर्धास्त राहिलो, परंतु काय पाहिले नाही हे आपण कधी विचारलेच नाही. लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते आणि त्याचा बहुतेक भाग नेहमीच्या दोन्ही, म्हणजे तोंडावाटे आणि गुदद्वारावाटे घालायच्या, दुर्बिणींच्या टप्प्याबाहेर राहतो. गरज वाटल्यास त्यासाठी कॅप्सूल एंडोस्कोपी (गिळायच्या छोट्या कॅमेऱ्याने तपासणी) किंवा एमआरआय करतात. त्याआधी शौचाच्या नमुन्यातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेत वाढणारे एक प्रथिन) तपासतात का, ते मात्र जरूर विचार, कारण आतड्याला सूज आहे की नाही याचा अंदाज त्या साध्या तपासणीतून येतो.

एक गोष्ट मला माझ्याच चुकीवरून ठाऊक आहे. गुडघ्यासाठी मी वर्षभर वेदनाशामक गोळ्या घेत होतो आणि पोटाच्या डॉक्टरांना त्याबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो, कारण माझ्या लेखी गुडघा वेगळा आणि पोट वेगळे. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत "आणखी कोणकोणत्या गोळ्या घेता?" असे विचारले आणि जठरातल्या व्रणाचे कारण सापडले. डोकेदुखीसाठी तू घेतेस त्या गोळ्याही या जातीच्या असू शकतात. त्यांच्यामुळे आतड्यालाही इजा होते आणि कॅलप्रोटेक्टिनही वाढू शकते. तेव्हा त्यांची नावे लिहून ने.

तसेच दोन महिन्यांपासून तू गहू स्वतःहून बंद केला आहेस, हेही सांग. सिलियाकची (ग्लुटेन, म्हणजे गव्हातले प्रथिन, खाल्ल्याने लहान आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्ततपासणी ग्लुटेन बंद असताना केली तर आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते. तपासणीपूर्वी गहू पुन्हा सुरू करायचा का आणि किती दिवस, हे त्यांनाच ठरवू दे.

भेटीत फाईल लगेच पुढे सरकवू नकोस. आधी तुझ्या शब्दांत तक्रार सांग, मग कागद दे. जुने निदान आधी ऐकले की पुढचे प्रश्न त्याच वाटेने जातात, असे माझे मत आहे. शेवटी एवढे विचार: "हे नसेल तर दुसरे काय असू शकते, आणि ते नाही हे कशावरून म्हणता?" दोघांची मते वेगळी पडली तर कोणाचे बरोबर हे आपण घरी बसून ठरवायचे नाही, दुसऱ्यांचे टिपण पहिल्यांना दाखवायचे. तोवर चालू औषधे मनाने थांबवू नकोस. शौचातून रक्त गेले, ताप आला किंवा पोटदुखी असह्य झाली, तर मात्र ठरलेल्या भेटीची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात जा.

राहिलेले अहवाल पाठव, मी ते तारखेप्रमाणे लावून ठेवतो. भेटीचा दिवस ठरला की कळव; मी येतो. आत तू एकटीच जा, मी बाहेर बसेन.

तुझे,
बाबा