लेकीला, तिच्या पाचारणाविषयी

प्रिय लेकी,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

फोनवर तू विचारलंस, "आई, देव मला बोलावतोय की माझं मनच मला ओढतंय, हे ओळखायचं कसं?" मी तेव्हा "प्रार्थना कर" एवढंच म्हणाले, कारण असल्या प्रश्नाचं उत्तर घाईत देणं माझ्या जिवावर आलं. त्या दिवसापासून बायबल उघडलं की तोच प्रश्न मनात ठेवून वाचते आहे. जे सापडलं ते लिहिते. पत्र लांबेल, सवडीने वाच.

बँकेची नोकरी सोडून कर्णबधिर मुलांच्या शाळेत जावंसं वाटतं, पण अजून देवाचा स्पष्ट आवाज ऐकू आलेला नाही म्हणून थांबले आहे, असं तू म्हणालीस. तर आधी आवाजाचंच बोलू. लहानग्या शमुवेलाला आवाज स्पष्ट ऐकू आला होता, अगदी नाव घेऊन. तरी तो तीनदा उठून एली याजकाकडे धावला. देवाची हाक त्याला घरातल्या म्हाताऱ्याची हाक वाटली. परमेश्वराची त्याला अजून ओळख झाली नव्हती, असं शास्त्रच सांगतं. हाक कोणाची हे कळायला त्याला एली लागला. तोही कोण, तर ज्याला धड दिसत नव्हतं आणि ज्याची मुलं हाताबाहेर गेली होती असा एली. तेव्हा आवाज आला की सगळा संशय फिटेल, असं धरून चालू नकोस.

मला स्वतःला नहेम्या फार जवळचा वाटतो. त्याला ना मोशेसारखं पेटलेलं झुडूप दिसलं, ना स्वप्न पडलं. शूशन राजवाड्यात तो राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा होता, म्हणजे चांगली, भरवशाची जागा. त्याचा भाऊ हनानी यरुशलेमेची बातमी घेऊन आला: तट पडलेले, वेशी जळालेल्या. ही हकिकत ऐकणारे आणखीही असतील. नहेम्या मात्र खाली बसून रडला. उपास केला, प्रार्थना केली. बातमी आली किसलेव महिन्यात आणि राजापुढे त्याने तोंड उघडलं ते निसान महिन्यात, म्हणजे चारेक महिने गेले. राजाने "तुझा चेहरा का उतरला आहे?" असं विचारल्यावर तो फार घाबरला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पण मनातल्या मनात प्रार्थना करून पुढे तो काय बोलला ते बघ. आपल्याला किती मुदत लागेल ते सांगितलं, सुभेदारांच्या नावाने पत्रं मागितली, राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्याकडून लाकूड मिळावं म्हणून चिठ्ठी मागितली. म्हणजे त्या चार महिन्यांत प्रार्थनेबरोबर त्याचा हिशोबही चालू होता! तू दिवसभर आकड्यांत असतेस म्हणून हे मुद्दाम लिहिते. हिशोब केला की विश्वास कमी पडला, असं तुला कोणी सांगितलं तर नहेम्याचा दुसरा अध्याय त्यांच्यापुढे ठेव.

आणि त्याच अध्यायात तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. यरुशलेमेला पोचल्यावर तो म्हणतो की इथे काय करायचं ते माझ्या देवाने माझ्या मनात घातलं होतं. मन आणि देव हे दोन विरुद्ध पक्ष आहेत असं समजून तू स्वतःचा छळ मांडला आहेस. तुझं मन त्यानेच घडवलं आहे. तुला ज्याचं रडू येतं ते दुसऱ्या कोणाला येत नसेल, तर तिकडे दुर्लक्ष करू नकोस.

मात्र मनात आलेलं सगळं देवाचंच असतं, असंही नाही. म्हणून पाया कुठे आहे ते सांगते. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात येशूने बारा जणांना नेमलं. कशासाठी? त्यांनी आपल्यासोबत असावं, आणि मग त्यांना उपदेश करायला पाठवावं. सोबत असणं आधी येतं. हे पहिलं पाचारण तुला झालेलं आहेच, त्यात ओळखण्यासारखं काही उरलेलं नाही. नीतीने वाग, दया आवडीने कर, देवाबरोबर नम्रपणे चाल, हे मीखा संदेष्ट्याने लिहून ठेवलंय. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही आणि धरावीही लागत नाही. आजच्या दिवसापुरतं जे स्पष्ट आहे ते जो पाळत नाही, त्याला उद्याचं दाखवून देवाने करायचं काय? मी तुला बोल लावत नाही. सकाळच्या तुझ्या प्रार्थनेची वेळ मला ठाऊक आहे. पण हल्ली "माझं पाचारण कोणतं" या काळजीत तू इतकी गुरफटली आहेस की प्रभूशी बोलायला बसतेस आणि बोलतेस फक्त त्या विषयावर. अधूनमधून तो विषय बाजूला ठेवून नुसतं त्याच्याजवळ बसत जा.

आता तुझ्या बँकेबद्दल. "मी नुसती फाइली सरकवते, देवासाठी काहीच करत नाही," हे तुझं वाक्य मला पटलेलं नाही. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचं नाव येतं तो बसालेल कारागीर होता: सोनं, रुपं, पितळ, लाकूडकाम. पौल करिंथात असताना अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कर्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू होते. स्वयंपाकघरातलं काम त्यांना मुळात नावडतं, पण तिथल्या भांड्यांच्या गलक्यात त्यांनी देवाच्या सान्निध्यात राहण्याचा सराव केला, आणि आज तीनशेहून अधिक वर्षांनी लोक त्यांच्याकडून प्रार्थना शिकतात. मंडळीत व्यासपीठावरच्या कामाला सेवा म्हणायचं आणि बाकीच्याला पोटापाण्याचा धंदा, ही विभागणी मला मान्य नाही. प्रामाणिकपणे हिशोब ठेवणारी ख्रिस्ती बाई ही देवाची सेवकच आहे.

गरसेकरांच्या प्रदेशातला तो माणूस आठव, मार्काच्या पाचव्या अध्यायातला. कबरांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा. बरा झाल्यावर येशू नावेत चढत होता तेव्हा तो विनवू लागला, मला तुमच्याबरोबर येऊ द्या. शिष्यांना येशूने स्वतः हाक मारून बोलावलं होतं. हा तर आपणहून यायला तयार, आणि त्याला येशूने नाही म्हटलं! "आपल्या घरी स्वकीयांकडे जा," प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते त्यांना सांग. तो दकापलीस प्रांतभर सांगत फिरला. येशूसाठी सगळं सोडणं ही जशी आज्ञा असू शकते, तशी घरी परत जाणं ही देखील असते. म्हणून बँकेचं काम हलकं वाटतं एवढ्या कारणावरून राजीनामा देऊ नकोस. सोडायचंच झालं तर त्या कर्णबधिर मुलांसाठी सोड.

त्या मुलांबद्दल मला बोलायचंच आहे. मागे मी तुझ्या मंडळीत आले होते तेव्हा संडे स्कूलच्या दाराशी उभी राहून पाहत होते. सगळी मुलं गात होती आणि बाकाच्या टोकाला ती छोटी, ऐकू न येणारी मुलगी शेजारच्यांच्या ओठांकडे बघून तोंड हलवत होती. तू पेटी वाजवायची सोडून तिच्यापुढे उकिडवी बसलीस. खिडकीचा उजेड तुझ्या तोंडावर पडावा म्हणून आधी जागा बदललीस. मग एका हाताचं मधलं बोट दुसऱ्या तळहाताला लावलंस, पुन्हा उलट हाताने तसंच केलंस. खिळ्यांची खूण. "येशू." तिने तुझे हात पाहिले, स्वतःचे पाहिले, आणि ती खूण ती करतच राहिली, गाणं संपलं तरी. ती सांकेतिक भाषा शिकायला तुला कोणी पाठवलं नव्हतं. ऑफिस सुटल्यावर, दमलेली असताना तू ती शिकलीस, आणि मला कळवलंससुद्धा नाहीस.

घरी येऊन मी मार्काचा सातवा अध्याय काढला. बहिऱ्या माणसाला येशूने गर्दीतून एका बाजूला नेलं, त्याच्या कानांत बोटं घातली, जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे पाहून उसासा टाकला, आणि त्यानंतर "इप्फाथा", म्हणजे "मोकळा हो", म्हटलं. हा उतारा मी कितीदा वाचला असेन, पण तुझे हात पाहिल्यावर लक्षात आलं की तो शब्द येईपर्यंत येशू त्या माणसाला कळेल अशाच भाषेत बोलत होता. कानाला बोट, जिभेला बोट, नजर वर.

म्हणून, तुला कर्णबधिर मुलांच्या शाळेत पूर्ण वेळ जावंसं वाटतं हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. पण मी आई आहे, माझा शब्द शेवटचा धरू नकोस. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळं काढण्याचा शब्द आला तो अंत्युखियाची मंडळी सेवा आणि उपास करत असताना. हात ठेवून त्यांना निरोप दिला तोही मंडळीने. तुझ्या पाळकसाहेबांना आणि मंडळीतल्या एखाद्या प्रौढ, तोंडापुरतं न बोलणाऱ्या बाईला विश्वासात घे. त्यांनी "थांब" म्हटलं तर रागावू नकोस. मदर तेरेसांना गरिबांत जाऊन राहण्याची हाक आली ती १० सप्टेंबर १९४६ रोजी, दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत. त्यांनी लोरेटोचा मठ सोडला ऑगस्ट १९४८ मध्ये, वरिष्ठांच्या आणि रोमच्या परवानगीनंतर. त्यावरही आधी पाटण्याला जाऊन रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं. देवाने बोलावलं असेल तर थोडं थांबल्याने ते पाचारण विटत नाही.

त्यांचीच आणखी एक गोष्ट तुला उपयोगी पडेल. काम सुरू झाल्यावर वर्षानुवर्षं त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून हे जगाला कळलं. प्रार्थनेत काही वाटलं नाही म्हणून त्यांनी मरणपंथाला लागलेल्या माणसांना उचलायचं थांबवलं नाही. तुला एखाद्या सभेत गहिवरून येतं आणि सोमवारी सगळं ओसरतं, म्हणून तू घाबरतेस. गहिवर येवो न येवो, ती मुलगी बाकाच्या टोकाला बसलेली आहेच.

चिन्हांच्या मागे तर अजिबात लागू नकोस. गिदोनाने दवाचं चिन्ह बघायला लोकर पसरली ती देवाने स्पष्ट सांगून झाल्यानंतर. देवाने त्याच्या भित्रेपणाला सांभाळून घेतलं इतकंच.

आणि सगळा रस्ता आज दिसावा असा हट्ट धरू नकोस. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन उघडलं ते विधवांना आणि मुलींना शिक्षण मिळावं म्हणून. १८९६ नंतरच्या दुष्काळात त्या उपाशी मुलींना गोळा करून घेऊन आल्या आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. शारदासदनाच्या पहिल्या दिवशी यातलं किती त्यांना दिसत असेल? समोर आलेली मुलगी आत घ्यायची, एवढं दिसत होतं.

तुझी मैत्रीण सेमिनरीत, धर्मशिक्षण घ्यायला, गेली म्हणून तुझी घालमेल होते, तेही मी ओळखून आहे. पेत्राने योहानाकडे बोट दाखवून "ह्याचं काय?" असं विचारलं, तेव्हा "त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये," असं उत्तर मिळालं. तुला यापेक्षा जास्त काही सांगत नाही.

आता माझं आणि बाबांचं. शिष्यांच्या पाचारणाच्या गोष्टीत मी हल्ली जब्दीकडे बघते. याकोब आणि योहान बापाला मोलकऱ्यांबरोबर नावेत सोडून गेले. तो काय म्हणाला ते शुभवर्तमानात नाही. त्याची बायको पुढे येशूकडे येते आणि मुलांसाठी मागते: तुझ्या राज्यात एकाला उजवीकडे बसव, एकाला डावीकडे. लोक त्या बाईला नावं ठेवतात. मला तिचा राग येत नाही. मुलगी सुरक्षित असावी, तिचं नीट व्हावं, जवळ असावी, असं मलाही वाटतं; तुझ्या पगाराचा आणि पेन्शनचा विचार माझ्याही मनात येतो. येशूने तिला झिडकारलं नाही, पण मुलांना विचारलं, मी पिणार आहे तो प्याला तुम्हाला पिता येईल का? पुढे हेरोदाने याकोबाला तलवारीने मारलं. एकाच नावेतून उठलेल्या दोघांपैकी एक मुलगा तिने असा गमावला. आणि वधस्तंभाच्या वेळी दूर उभ्या राहिलेल्या बायांमध्ये मत्तय जब्दीच्या मुलांच्या आईला मोजतो. मागणी घेऊन आलेली बाई येशूमागे तिथपर्यंत गेली होती. मला तिच्यासारखं व्हायचं आहे. तुझ्यासाठी मागायचं ते मी मागत राहीन, पण तुला अडवणार नाही. बाबांचंही हेच म्हणणं आहे. त्यांना लिहायला जमत नाही, म्हणून त्यांच्या वतीनेही मीच लिहिते.

तर आता असं कर. राजीनाम्याचं पत्र तूर्त टंकू नकोस. शिल्लक रजा एकत्र घे आणि ती त्या शाळेत घालव. मुलांना आवडणारी पाहुणी म्हणून जाऊ नकोस. त्यांना जेवू घालणं, त्यांचे हट्ट, पालकांच्या तक्रारी, सगळं अंगावर घे. कर्णबधिरांना शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण किती काळाचं, त्याला काय लागतं, याची चौकशी कर. घराच्या कर्जाचे किती हप्ते राहिले आहेत ते एका कागदावर मांड आणि पगार निम्म्यावर आला तर काय होईल तेही लिही. तो कागद मला पाठव, बाबा तो घेऊन हिशोबाला बसतील. शाळेतून परत आल्यावर पाळकसाहेबांशी बोल आणि ते काय म्हणाले ते जसंच्या तसं कळव, तुला आवडलं नाही तरी. आम्ही दोघं रोज रात्री तुझ्यासाठी प्रार्थना करतो आहोत. त्या छोटीचं नाव काय, ते तू सांगितलंच नाहीस. कळव, म्हणजे तिच्यासाठीही नाव घेऊन करता येईल.

तुझी,
आई