अडुळशाचा अर्क आणि रेझिनचा स्तंभ

महोदय,

बेळगाव-खानापूर पट्ट्यात अडुळसा कुंपणाला असतो. त्यातले वासिसिन (अडुळशाचा मुख्य औषधी घटक) गावपातळीवरच्या लघुउद्योगात शुद्ध करायचे, तर सच्छिद्र पॉलिस्टायरीन रेझिन, म्हणजे वासिसिन धरून ठेवणारे प्लास्टिकचे बारीक मणी, हा चांगला मार्ग आहे. हे मणी उभ्या नळीत भरून स्तंभ करतात आणि त्यातून अर्क सोडतात. मात्र बहुतेक फसगत पूर्वतयारीत होते.

पाला सावलीत वाळवून ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्क काढावा. मग अल्कोहोल पूर्ण उडवणे अत्यावश्यक. ते राहिले तर वासिसिन रेझिनला नीट न चिकटता खाली निघून जाते. उरलेला पाणीदार अर्क थंड करून गाळावा, नाहीतर मेण आणि हरितद्रव्य रेझिनची छिद्रे बुजवतात. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप) ९च्या आसपास आणावा. आम्लात वासिसिनवर विद्युतभार येतो आणि रेझिनची पकड सुटते.

नवे रेझिन रात्रभर अल्कोहोलमध्ये भिजवून पाण्याने धुवावे. स्तंभ कधीही कोरडा पडू देऊ नये. भेगा पडल्या की अर्क त्यातूनच धावतो. रेझिनच्या आकारमानाच्या दुप्पट अर्क तासाला, याहून घाई नको. मग चौपट पाण्याने साखर व क्षार धुवून, किंचित आम्लयुक्त ७० टक्के अल्कोहोलने वासिसिन सोडवावे.

रेझिनऐवजी वापरता येणारा सक्रिय कोळसा स्वस्त आहे, पण तो इतका घट्ट धरतो की बराच माल परत मिळत नाही. रेझिन ४ टक्के कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा वापरता येते.

बेळगावातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे. तिने शेतकरी गटांसाठी असे प्रशिक्षण मराठी व कन्नडमधून द्यावे. अल्कोहोलचा अबकारी परवाना कसा घ्यावा, हेही त्यात शिकवावे.

— एक वाचक, खानापूर