उत्तरवाडीत पूर येत नाही

॥ श्री ॥

ट्रॉम्सो, नॉर्वे
५ डिसेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहीचे फोटो मिळाले. चौदा पानं, त्यातल्या तिनांवर तुझ्या आमटीचे डाग. माळा झाडताना नेमकी हीच सापडावी! फोनवरच बोलणार होते, पण आईचं म्हणणं की फोनवरचं विरून जातं, कागद हातात हवा. म्हणून बऱ्याच वर्षांनी पत्र. तिला मोठ्याने वाचून दाखव, आप्पांनाही ऐकू जाईल अशा बेताने. शेवटचं घराविषयीचं मात्र आधी तू एकटा वाच.

उत्तरवाडी! आपण दोघांनी वहीत वसवलेलं पन्नास लाख वस्तीचं शहर आणि नाव वाडी. मी 'हिमनगर' म्हणत होते. तू म्हणालास, ते सिनेमातलं वाटतं, खऱ्या गावाच्या नावाला वाडी लागते नाहीतर पूर लागतं, आणि पूर तर आपल्याला नकोच होता. २००५ चा जुलै संपत आलेला, सांगलीच्या गावभागातलं घर पाण्यात, आणि आपण नऊ दिवस मिरजेला मावशीकडे. आप्पा दिवसातून चार वेळा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी विचारायचे आणि आपण जिन्याखाली बसून नकाशा काढायचो. पहिल्या पानावर तुझ्या अक्षरात पहिला कायदा आहे : 'उत्तरवाडीत पूर येत नाही, कारण पाणी गोठलेले असते.' खाली दोन रेघा मारल्यास, दुसरीने कागद फाटलाय.

इतक्या उत्तरेला गेलो तो दोष आप्पांचा. वेदांतल्या लांबच लांब उषेच्या वर्णनांवरून लोकमान्यांनी आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे ठरवलं आणि १९०३ साली त्यावर पुस्तक काढलं, हे आप्पांनी त्या नऊ दिवसांत निदान दोनदा सांगितलं. विद्वानांना ते पटलं नाही. आपल्याला पटलं, म्हणून उत्तरवाडीचे लोक मराठी बोलायचे. सिद्धांताचं जाऊ दे, पण उषेचं मला आता कळतं. इथे २७ नोव्हेंबरला गेलेला सूर्य १५ जानेवारीपर्यंत क्षितिजावर यायचा नाही. तरी अगदी गुडुप काळोख नसतो. साडेदहाच्या सुमाराला दक्षिणेकडचं आभाळ निळं होतं, मग कडेला डाळिंबाच्या दाण्याचा रंग चढतो, आणि ती पहाट तशीच रेंगाळत रेंगाळत, दिवस न होताच संध्याकाळ होते. दीड-दोनला खेळ खलास.

हिशेबाने सूर्य यायचा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. पण आजूबाजूला डोंगर, त्यामुळे तोंड दाखवायला २१ जानेवारी उजाडते. त्या दिवशी सगळं गाव जॅम भरलेले तळलेले गोल पाव खातं. गेल्या वर्षी मी ऑफिसात तिळगूळ नेला. 'गोड बोला'चं भाषांतर करायच्या भानगडीत पडले नाही, इथली माणसं मुळात बोलतातच बेताचं.

आता आपल्या शहराच्या चुका. आर्क्टिक वृत्ताच्या वर पन्नास लाखांचं गाव जगात नाही. सगळ्यांत मोठं रशियातलं मुर्मान्स्क, २०२१ च्या जनगणनेत २ लाख ७० हजार. आपली सांगली-मिरज-कुपवाड त्याहून मोठी, आईला सांग, खूश होईल. १९८९ ला ते साडेचार लाखांच्या वर होतं, सोव्हिएत युनियन मोडल्यावर माणसं दक्षिणेला निघून गेली. तू वसवणारा राजा विजयसिंह दाखवलास, वाट चुकून आलेला. मुर्मान्स्कला वाट चुकून कोणी गेलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचा माल उतरवायला बंदर हवं होतं, म्हणून झारच्या सरकारने रेल्वे टाकली आणि १९१६ ला गाव वसवलं. नाव ठेवलं रोमानोव्ह-ना-मुर्माने, राजघराण्यावरून. वर्षाच्या आत राजघराणंच गेलं, आणि नावही. बंदर तेवढं राहिलं, कारण अटलांटिकमधून येणारा गरम प्रवाह तिथलं पाणी गोठू देत नाही. आमच्याकडेही त्याचीच कृपा. ध्रुवाच्या एवढं जवळ असून इथला जानेवारी सरासरी उणे तीन-चार. तुम्हाला वाटतं मी इथे बर्फाच्या लादीवर झोपते.

ट्रॉम्सो तर त्याहून कितीतरी लहान, ऐंशी हजारांच्या आतलं, बरंचसं एका बेटावर वसलेलं. शहराचा दर्जा १७९४ चा. आपल्या वहीतली एक गोष्ट मात्र इथे खरी निघाली. तू जमिनीखाली राजवाडा चौक काढला होतास ना, आणि मी हसले होते? इथे डोंगराच्या पोटात बोगदे आहेत आणि बोगद्यांत चक्क सर्कल. नवीन गाडी घेतली तेव्हा मी त्यात तीन फेऱ्या मारल्या, बाहेरचा रस्ताच ओळखू येईना. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला नाही, त्याची जास्त लाज वाटली.

राजवाड्याचं तीन मजली तळघर खोडून टाक. सैबेरियात बऱ्याच ठिकाणी जमीन बारमाही गोठलेली असते. वर उबदार घर बांधलं की खालची माती वितळते आणि घर खचतं. म्हणून नोरिल्स्क, याकुत्स्कला इमारती खांबांवर उभ्या, खालून वारा खेळता ठेवलेला. विजयसिंहाचा वाडा दुसऱ्या उन्हाळ्याला कलला असता.

खरी चूक नदीची आहे. थंडी नदी तू कागदाच्या वरून खाली आणलीस, उत्तरेकडून दक्षिणेला. वर म्हणजे उंच, असा आपला हिशेब. पण ओब, येनिसेई, लेना या सैबेरियातल्या मोठ्या नद्या दक्षिणेकडून उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात जातात. आता बघ काय होतं. वसंतात नदीचा वरचा, दक्षिणेकडचा भाग आधी वितळतो आणि पाणी सुटतं. पुढे उत्तरेला मात्र नदी अजून बर्फाचं कुलूप लावून बसलेली. वाहत आलेल्या लाद्या तिथे अडकतात, एकीवर एक चढतात, नदीला आडवा बांध होतो, आणि मागे फुगवटा. हो, फुगवटाच! अलमट्टी धरणापायी आपल्या कट्ट्यावर किती चहा गार झाले असतील. तिथे धरण कोणी बांधलेलं नसतं, भांडायला कर्नाटक नसतं, तरी फुगवटा. मे २००१ मध्ये लेनेकाठचं लेन्स्क असंच बुडालं. बर्फ फोडायला विमानांतून बॉम्ब टाकले. तरी गाव गेलंच, पुन्हा बांधावं लागलं.

आमच्या ऑफिसात एक बाई आहेत, लहानपण लेनेच्या काठी गेलेल्या. त्या म्हणतात, बर्फ फुटायच्या दिवसांत रात्री नदीकडून आवाज येतो, मालगाडी शंटिंग करावी तसा, आणि म्हातारी माणसं अंथरुणात उठून बसतात. मी म्हटलं, आमच्याकडे आवाज येत नाही, शेजारी येतात, घाटाची कुठली पायरी गेली ते सांगायला.

म्हणजे पहिलाच कायदा फसला, दादा. पाणी गोठलेलं असतं म्हणून तर तिथे पूर येतो.

आणि पेवं! नकाशाच्या कोपऱ्यात मी हरिपूरसारखी जमिनीतली पेवं काढली होती, तोंड लहान, पोट मोठं, आत उत्तरवाडीची हळद. (हळद पिकवायची कुठे, याचा विचार दोघांनीही केला नव्हता.) तसलं एक पेव खरंच आहे, इथून आणखी उत्तरेला, स्वालबार बेटांवर. डोंगरात शंभर मीटरहून जास्त आत बोगदा खोदून जगभरच्या पिकांचं बियाणं उणे १८ अंशांत ठेवलंय. २००८ ला सुरू झालं. सिरियातल्या युद्धात अलेप्पोजवळची बियाणांची पेढी हातची गेली, तेव्हा त्यांनी २०१५ ला स्वालबारमधली आपली ठेव परत नेली आणि पेरली. आप्पांना हे नीट सांग. ठेवलेला माल वेळेला काढता आला, म्हणजे पेव चांगलं, असं ते मार्केट यार्डातल्या दिवाणजींना सांगायचे ते मला आठवतं. पुढचं सांगशील तर मात्र ते सुस्कारा सोडतील. २०१६ च्या शेवटी तिथे ऐन थंडीत पाऊस पडला, वरचं वितळलं आणि पाणी बोगद्याच्या तोंडातून आत आलं. बियाण्यापर्यंत पोचलं नाही, वाटेतच गोठलं. मग तोंडाशी डागडुजी करून ते पक्कं केलं. २००५ ला हरिपूरच्या पेवांत पाणी शिरल्यावर आप्पा दोन दिवस जेवले नव्हते, ते मला हे वाचताना आठवलं.

आता घराचं. तू विश्रामबागेतल्या फ्लॅटचं म्हणतोस, आई ऐकत नाही, आणि मी तिला समजवावं अशी तुझी इच्छा. इथून शेजारी स्वीडनमध्ये किरुना म्हणून गाव आहे. लोखंडाच्या खाणीसाठी वसलं आणि खाण पोखरत पोखरत गावाच्या खाली आली. २००४ ला ठरलं की गावच हलवायचं. या ऑगस्टमध्ये त्यांनी १९१२ सालचं लाकडी चर्च जसंच्या तसं उचललं, ६७२ टन, चाकांवर ठेवून दोन दिवसांत पाच किलोमीटर नेलं. मी थेट प्रक्षेपण लावून बसले होते. एवढं हळू चाललं होतं की मध्ये वरण-भात करून, जेवून आले तरी ते त्याच वळणावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, कॉफीचे थर्मास घेऊन, पालखी बघावी तशी. पण चर्च नेलं म्हणून सगळं नेलं असं नाही. किती तरी साधी घरं पाडलीच.

म्हणून मी आईला समजावणार नाही. २०१९ ला आयर्विनला ५७ फूट पाणी आलं तेव्हा तिनेच पहिलं पाऊल बाहेर टाकलं होतं, देव पिशवीत घालून. ती हट्टी नाही. संध्याकाळी घाटावर जाऊन यायचं ते विश्रामबागेतून व्हायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं आहे आणि ते चूक नाही. घर विकू नकोस. विश्रामबागेत दोन खोल्या भाड्याने घे, जूनपासून दसऱ्यापर्यंत तिकडे राहा, पाणी उतरलं की परत या. अर्धं भाडं मी पाठवेन. माळ्यावर चढवायचं सामानही कमी कर, तुझी कंबर आता २००५ ची राहिली नाही. वहिनीला हे पटेल असं वाटतं. तिला विचारल्याशिवाय ठरवू नकोस.

भडंग पाठवणार असशील तर पोह्यांच्या चिवड्यात मिसळू नकोस, मागच्या वेळी दोन्ही मऊ झाले. गोडा मसाला संपत आलाय. आप्पांच्या कानाच्या यंत्राचे सेल मी इथून पाठवलेत, ते आधी वापरा.

आई-आप्पांना साष्टांग नमस्कार, वहिनीला नमस्कार, पोरांना अनेक आशीर्वाद. वही फेकू नकोस. थंडी नदीचा बाण मी येईन तेव्हा मीच उलटा करीन.

तुझी धाकटी,
बाळी

ता. क. : दिवाळीत जिन्याला रंग द्यायचा राहिला म्हणालास. द्यायच्या आधी भिंतीवरच्या २००५ आणि २०१९ च्या पाण्याच्या दोन्ही रेघा टेपने मोजून कळव. मला वाटतं वरची पाचव्या पायरीला आहे, आप्पा म्हणतात सहाव्या.